गाठ उपाशी मारायची होती

केसरबाई खाऊन खाऊन मेली, असं आमच्या वस्तीतल्या बाया बोरिंगवर पाणी भरता भरता सांगतात. मले हे आयकू आलं का माहं डोस्कंच फिरते. काल त्या कलाबाईच्या हातातली पाण्याची गुंडी मी तशीच खाली आपटली. म्हटलं, जिच्या घरी बसून तू पोटभर जेवली, तिच्याबद्दल असं बोलते? जीभ झडन तुही! आता खरं का झालं ते माह्या तोंडून आयका, अन् मंग सांगत बसा गावभर.

केसरबाई माही मोठी जाऊ. माह्या नवऱ्याचा मोठा भाऊ सोमाजी, त्याची बायको. सोमाजी तापानं गेला तवा तिचा देवराव दुधाचे दात पडाच्या उमरीचा होता. आमच्या दोघींच्या खोल्या एकाच कुडाच्या आडोशानं वेगळ्या केल्या होत्या, तिकडे ती खोकलली तं इकडे मले जाग येये. मले लेकरू झालं नाई. देवरावले अर्धं मी बी वाढवलं, म्हणून त्याच्यावर ओरडाचा हक्क मले आहे.

त्या दिवसांत दोन टाइमाचा भात आमच्यात कोणाच्या घरी होता? उन्हाळ्यात मोहफुलं शिजवून खायचो. पावसाळ्यात लोकांच्या बांधीत वाकून वाकून धानाचा रोवणा करायचो अन् मजुरीचं धान संध्याकाळी कांडायचो. केसरबाई भात शिजवे, भात देवरावच्या ताटात टाके अन् खालची पेज आपण पिये. मी म्हणे, "बाई, दोन घास तरी खाय ना वो." तं म्हणे, "गिरजे, माह्या पोटात जाऊन पेजेचा बी भातच होते." अशी मसखरी करे अन् भांडे घासाले बसे. एकदा चिखलात उभ्या उभ्या चक्कर येऊन पडली. हातातली पऱ्ह्याची, धानाच्या रोपाची पेंडी काई सोडली नाई पठ्ठीनं. मालकानं त्या दिवशीची मजुरी अर्धी देल्ली.

देवराव शिकला. शेतकी खात्यात लागला. गावोगाव फिरून लोकाईले धानावर कोणता रोग पडला, कवा फवारा माराचा, ते सांगाचं काम. पहिला पगार झाला तवा त्यानं तांदळाचं पोतं सायकलवर लादून आणलं, मायच्या पुढी ठेवलं अन् म्हणाला, "माय, आजपासून तू एक काडी बी उचलाची नाई. बसून खाय." केसरबाई त्या पोत्यावर हात फिरवत किती तरी वेळ बसून राह्यली. मी रडली, ती काई रडली नाई.

अन् तिनं खाल्लं. खोटं काऊन सांगू? देवरावची बायको सत्यशीला सोन्यासारखी पोरगी, सासूच्या ताटाकडे लक्ष ठेवून राहे. अंडे, कोंबडा, सिंदेवाहीच्या बाजारातून तूप. देवराव घरी आला का पहिले विचारे, "माय जेवली का?" ती जेवली म्हटलं तरी परत वाढे. दोन-चार वर्षांत तिचे गाल भरले, दंड भरले. पाळी गेली त्याच्यानंतर तं अशी सुटली का विचारू नका. लटारू शिंपी म्हणे, "केसरबाई, तुमच्या एका चोळीत गिरजाबाईच्या दोन निघतात जी." आम्ही पोट धरून हासायचो.

तुमाले आज हासू येईन, पण आमच्या वस्तीत लठ्ठ बाई कोणी पायलीच नोती. लठ्ठ बाया पाटलाच्या घरी असत, दुकानदाराच्या घरी असत. केसरबाई विहारात वंदनेले निघाली, पांढऱ्या लुगड्यात डुलत डुलत, का आमचीच छाती फुगे. दिवाळीनंतर सोसायटीत धान विकाले नेलं का देवराव मायले बी बैलबंडीत बसवून ने अन् काट्यावर उभी करे. काट्यावरचा वामनराव वजन पाहे अन् साऱ्याइले आयकू जाईन असा ओरडे, "एक पोतं अन् वर कुडोभर!" सारे हासत. केसरबाई पदर तोंडावर घेये. त्या टाइमाले देवरावचं तोंड पाहाले पायजे होतं, असा खूश राहे का जसं का त्यानं उपासमारीलेच त्या काट्यावर हरवलं.

गडचिरोली जिल्हा आमच्यापासून वेगळा झाला, त्याच्या तीन-चार वर्षांनंतरची गोष्ट. धान निसवलं होतं. मी तिची पाठ घासून देत होती. ती म्हणाली, "गिरजे, इथी हात लाव बरं." डाव्या छातीत, वरच्या अंगाले. मी हात लावला. सुपारीएवढी गाठ. कडक. दाबली तरी दुखे नाई.

"चरबी जमली असन," ती म्हणाली. "दंडावर नाई का आहे, तशीच. पाळी जाऊन इतके वर्षं झाले. आता तिथी का होते?"

दंडावरची गाठ बोटाखाली सरकत होती. ही सरकत नोती. पण माय आपल्या लेकाले छातीची गोष्ट कशी सांगन? मी सत्यशीलेले सांगतलं, सत्यशीलेनं देवरावले. अन् देवरावच्या बाजूनं हे सांगतेच, त्यानं एक दिवस वाया घालवला नाई. रजा टाकली, मायले यस्टीत बसवली अन् सरळ नागपूरले मोठ्या दवाखान्यात नेली. तिथी गाठीत सुई टाकून तपासलं. आठ-दहा दिवस दोघं एका नातेवाइकाकडे राह्यले.

वापस आली तवा केसरबाई मस्त होती. डाक्टरीणबाईची नक्कल करून दाखवे. "कापाचं म्हणते ती. म्हटलं, काप ना बाई. मले का आता लेकरू पाजाचं आहे?" असं म्हणून खो खो हासली. देवराव मात्र ओट्यावर बसून. चप्पल बी काढली नोती त्यानं. मी जवळ जाऊन विचारलं, "का रे, का सांगतलं?"

"कॅन्सर आहे, काकू."

मी खाली बसली.

"पंधरा दिवसांनी ऑपरेशनले बोलावलं," तो म्हणाला. "काखेत गेली नाई म्हणते. लवकर आणली म्हणते, बरी होईन."

"मंग रडक्या तोंडानं काऊन बसला? बरी होईन म्हणते ना?"

तवा त्यानं मले ते सारं सांगतलं. डाक्टरीणबाईनं त्याले शिकलेला माणूस पाहून मन लावून समजावलं होतं. बाईच्या अंगात एक रस असते, त्याले इस्ट्रोजेन म्हणतात. त्याच्यानं पाळी येते, छाती भरते. पाळी आहे तवरी तो जास्त करून अंडाशयात बनते. पाळी गेली का तिथलं काम बंद. पण चरबीच्या पेशी असतात ना, त्या रक्तातला दुसरा एक रस घेतात अन् त्याचा तोच इस्ट्रोजेन बनवत राहतात. म्हातारपणी जेवढी चरबी जास्त, तेवढा तो रस जास्त. अन् छातीतली अशी गाठ पुष्कळदा त्याच रसावर वाढते.

मले वाटे चरबी म्हणजे नुसती पडून असते, पोत्यातल्या धानासारखी. ती आतमंधी काम करून राह्यली असते, हे मले त्या दिवशी समजलं. म्हटलं, "बरं, बनवते तं बनवते. ती गाठ काढून टाका म्हणते ना डाक्टरीण? काढून टाका."

देवराव माह्याकडे पाहे नाई. म्हणाला, "काकू, ही चरबी तिच्या अंगावर कोणी चढवली?"

मी म्हटलं, "का बडबडून राह्यला? ऊठ, हातपाय धू." मले तवाच समजाले पायजे होतं का या पोराच्या डोस्क्यात किडा घुसला. पण माणसाले असं कुठी समजते?

दोन-तीन दिवसांनी त्यानं अंगणात साऱ्याइले जमवलं. मी होती, केसरबाई खाटेवर होती, सत्यशीला दारात, शेजारपाजारचे चार माणसं. अन् शेतकी खात्याचा साहेब बोलाले लागला. "बांधीत तुडतुडा पडला तं आपण का करतो?" लटारू म्हणाला, "पाणी काढतो." "काऊन काढतो? तुडतुडा धानाच्या बुडाशी ओलीत राहते. पाणी काढलं, बूड सुकलं, का तुडतुडा मरते. धान उपटून फेकाव नाई लागत." सारे मुंड्या हलवत होते. गेल्या साली त्यानंच घरोघर फिरून बांध फोडाले लावले होते, अन् खरंच, साऱ्या गावाचं धान वाचलं होतं. "मायच्या गाठीचं बी तसंच आहे," देवराव म्हणाला. "ती चरबीच्या रसावर जगते. चरबी उतरवली का रस बंद. रस बंद का गाठ उपाशी मरन. कापाकापी कराची गरजच नाई. पहिले वजन उतरवू, मंग डाक्टरले दाखवू."

मी बोलली. "देवराव, तुडतुड्यासाठी आपण पाणी काढतो ते चार दिवसांसाठी. मंग वापस देतो. धान निसवाच्या टाइमाले पाणी तोडून ठेवलं तं तुडतुडा बी मरते अन् धान बी पोचं होते. मायले पोची कराची आहे का तुले?"

"काकू, तुले नाई समजत त्यातलं."

"अन् तुले समजते? डाक्टरीण का म्हणाली? काप म्हणाली ना?"

"मी पाहून घेईन."

मी केसरबाईकडे पायलं. म्हटलं, आता ही तरी बोलन. तं ती म्हणते, "माह्या लेकानं साऱ्या गावाचं धान वाचवलं. माह्या एका गाठीचं का घेऊन बसली?"

दुसऱ्या दिवशी एकटी सापडली तवा मी तिले चांगलीच धरली. "बाई, तुले मराचं आहे का?"

ती हळूच म्हणाली, "त्याले छुरीचं भेव वाटते गिरजे. मले नाई वाटत. पण तो माह्याकडे पाहते अन् त्याचे डोळे भरतात. थोडे दिवस त्याच्या मनासारखं करू, मंग मी सोता जाऊन कापून घेईन." लेक लहान होता तवा त्याच्यासाठी उपाशी राह्यली. लेक मोठा झाला, आता बी त्याच्यासाठीच उपाशी राहाले तयार. असल्या मायाइले कोणी चौकात उभी करून झोडपाले पायजे.

ऑपरेशनची तारीख आली अन् गेली. देवराव त्या दिवशी मुद्दाम दौऱ्यावर गेला.

भात बंद. तूप बंद, अंडे बंद. सकाळी लिंबाचं पाणी, दुपारी शिजवलेली पालेभाजी अन् कवाकवा अर्धी भाकर, संध्याकाळी कुळथाचं कढण. वरून बोडीच्या, त्या लहान तळ्याच्या पाळीवर रोज फेऱ्या. सत्यशीला ताट वाढताना तोंड फिरवून घेये. तिचे लेकरं भात खात अन् आजी भिंतीकडे तोंड करून भाजी चघळे. मी एक दिवस पदराखाली गरम भाताचा गोळा घेऊन गेली, वरून जवसाची चटणी. म्हटलं, "खाय पटकन." तिनं त्याचा वास घेतला. डोळे मिटून घेतला. अन् गोळा माह्या हातात वापस देल्ला. "लेकाले शब्द देल्ला वो," म्हणे. मी तिथीच बसून तिले शिव्या देल्ल्या, देवरावले देल्ल्या, डाक्टरीणबाईले बी देल्ल्या. तो भात मंग मी कुत्र्याले टाकला, माह्या बी घशाखाली उतरला नाई.

बाजाराच्या दिवशी देवराव तिले सोसायटीच्या काट्यावर ने. तोच काटा, तोच वामनराव. पण वामनराव आता ओरडत नोता. वजन पाहून हळूच देवरावच्या कानात सांगे. देवरावचं तोंड मात्र उजळे. "उतरून राह्यलं काकू, मस्त उतरून राह्यलं!" मी म्हटलं, "माय उतरून राह्यली रे तुही." त्यानं आयकलं नाई.

गाठ मात्र वाढत गेली. पहिले ती हात लावून समजे. आता लुगड्यावरून दिसाले लागली. बांधीचं पाणी आटलं का मंधातला धोंडा वर दिसते ना, तशी. वरची चामडी आत ओढल्यासारखी झाली. मी देवरावले म्हटलं, "बाप्पा, आता तरी पाय." तं त्याचं उत्तर तयार. "काकू, गाठ तेवढीच आहे. आजूबाजूची चरबी गेली म्हणून मोठी दिसते." शिकलेल्या माणसाजवळ उत्तर नेहमी तयार असते. अन् पाहा ना, ते उत्तर इतकं बरोबर वाटे का मी बी दोन महिने गप्प राह्यली. मंग काखेत बी गाठी आल्या. तिथी कोणती चरबी गेली होती?

उन्हाळा आला. तिची कंबर दुखाले लागली, फेऱ्या बंद झाल्या. खाटेवरच पडून राहे. तरी देवरावचं तोलमाप सुरूच. आता थोडंच राह्यलं म्हणे.

वैशाखातल्या बुद्ध पौर्णिमेले आमच्या विहारात खीर असते. वस्तीतल्या घराघरातून दूध, तांदूळ, गूळ जमा होते अन् मोठ्या गंजात शिजते. लहान-मोठा कोणी त्या दिवशी खीर खाल्ल्याबिगर राहत नाई. केसरबाई म्हणाली, मले विहारात न्या. मी अन् सत्यशीलेनं धरून नेली. पांढरं लुगडं तिच्या अंगावर आता नुसतं लटकलेलं. वंदना झाली, खीर वाटणं सुरू झालं. पोरीनं तिच्या हातात वाटी देल्ली. तिनं दोन्ही हातानं धरली. सहा-सात महिन्यांनंतर पहिल्यांदा तिच्या तोंडावर भूक दिसली मले. वाटी तोंडाजवळ नेली अन् देवराव पुढी झाला. सगळ्याइसमोर त्यानं ती वाटी तिच्या हातातून काढून घेतली. "माय, गूळ आहे, दूध आहे. आता एवढे दिवस केलं, त्याच्यावर पाणी नको फिरवू."

तिचे हात तसेच वाटी धरल्यासारखे राह्यले.

मंग मात्र माहं टाळकं सरकलं. विहारात आहो का कुठी आहो, मी पायलं नाई. मूर्तीकडे हात करून म्हटलं, "देव्या, त्याहीनं का केलं ते आयकलं का तुवा कवा? उपास करू करू पोट पाठीले लागलं, तवा समजलं का उपाशी राहून काई भेटत नाई. सुजाताच्या हातची खीर खाल्ली अन् मंग बोध झाला. ती खीर म्हणूनच वाटतो ना रे आपण आज? अन् तू त्याइच्यासमोर, त्याच खिरीची वाटी मायच्या हातातून हिसकून घेतो! कोणत्या धर्माचा आहे तू?"

वाटी देवरावच्या हातात तशीच होती. तवा केसरबाई म्हणाली, "गिरजे, ओरडू नको. मले मळमळून राह्यलं. घरी ने."

दुसऱ्या दिवशी मी सोता यस्टीत बसली. देवरावले म्हटलं, "येतो तं ये, नाईतर मी नेते." तो आला.

तीच डाक्टरीणबाई. केसरबाईले तिनं ओळखलंच नाई. आत तपासलं, फोटो काढाले पाठवलं, अन् मंग मले अन् देवरावले समोर बसवलं. केसरबाई बाहेर बाकड्यावर निजली होती.

"कुठे होतात तुम्ही इतके दिवस?"

"बाई, चरबी कमी करत होतो," देवराव म्हणाला. "तुमीच म्हणाल्या होत्या, चरबीतून तो रस..."

"मी काय म्हणाले होते? लठ्ठपणानं धोका वाढतो, एवढंच म्हणाले होते. माझ्याकडे रोज काटकुळ्या बायकाही येतात हीच गाठ घेऊन. तुमची आई बारीक असती तर तिला झाली नसती, असं मी सांगू शकत नाही. मी ऑपरेशनची तारीख दिली होती. तोवर चांगलं खाऊ घाला, अंगात ताकद राहू द्या, असंही सांगितलं होतं. सांगितलं होतं की नाही?"

मी देवरावकडे पायलं. चांगलं खाऊ घाला! हे त्यानं आम्हाले कोणालेच सांगतलं नोतं.

"मीच चारलं होतं तिले, बाई," तो म्हणाला. "मीच बसवून बसवून चारलं होतं."

"चारलंत ते काही पाप नव्हतं केलं," ती जराशी नरम झाली. "पण गाठ एकदा झाली की ती उपाशी मरत नाही. ती आपल्या वाटचं ओढून घेतेच, माणूस उपाशी मरतो. तेव्हा काढता आली असती. नंतर गोळ्याही होत्या, त्या रसाचं गाठीवर काही चालू न देणाऱ्या. आता हाडांत गेली आहे, यकृतात गेली आहे. आणि ऑपरेशन सोसायला हिच्या अंगात तुम्ही ठेवलंय काय?"

बाहेर आल्यावर देवराव भिंतीले टेकून उभा राह्यला. मले त्याची दया यावी का? आली बी असन थोडीशी, पण राग जास्त होता. म्हटलं, "तुले वाटलं तुह्या हातून पाप झालं. अन् त्याची सजा कोणाले देल्ली? तिले! उपास कराचा होता तं तुवा कराचा होता, देव्या. तिनं आपल्या वाटचे उपास कवाच करून ठेवले होते." तो तिथीच खाली बसला अन् लहान पोरासारखा रडला. केसरबाई बाकड्यावरून म्हणते, "काऊन रडवते वो गिरजे त्याले?" बोला आता!

घरी आणली. त्याच्यानंतर देवरावनं का नाई आणलं? अंडे आणले, आरमोरीहून ताजी मासोळी आणली, बाजारातून द्राक्षं आणली. रजा टाकून खाटेजवळ बसून राहे. चमचा तिच्या तोंडाजवळ ने अन् म्हणे, "माय, एक घास. माह्यासाठी एक घास." तिच्या ओठातून सारं बाहेर येये. एक दिवस त्यानं सोता चुलीजवळ बसून खीर शिजवली. सत्यशीलेले हात लावू देल्ला नाई. गूळ, दूध, वेलची, सारं टाकलं. वाटी घेऊन आला.

केसरबाईनं वाटीकडे पायलं, मंग त्याच्याकडे. तिच्या आवाजात राग नोता, सांगून ठेवते. राग असता तं बरं झालं असतं.

म्हणाली, "देवराव, भूक लागे तवा घरात नोतं. मंग घरात होतं, तं तू खाऊ देल्लं नाई. आता तू देऊन राह्यला बापा, तं भूकच नाई."

तो वाटी घेऊन बसूनच राह्यला. खीर थंडी झाली, वरती साय आली. मंग मीच उचलून नेली.

रोवण्याच्या दिवसांत ती गेली. बाया बांधीतून चिखलाच्या पायानं धावत आल्या. आरमोरीकडून तिच्या माहेरचे भाचे आले, चांगले धट्टेकट्टे पोट्टे. त्याहीनं आत्याले शेवटचं दोन वर्षांपह्यले एका लग्नात पायलं होतं, मांडवात खुर्ची भरून बसली होती तवा. ते पोचले तवा तिरडी बांधून, वरून कापड झाकून झालं होतं. त्यातला एक जण म्हणाला, "आत्या जड आहे, वजन नीट घ्या रे." भाच्याइनं धोतरं खोचली, पाय रोवले, दात खाऊन जोर लावला अन् उचलली.

तिरडी एकदम वर गेली. त्याइच्या खांद्याच्या वर. एका अंगाले कलंडलीच, लटारूनं धावून हात लावला म्हणून वाचली. पुढचा भाचा घाबरून मांगं पाहाले लागला अन् त्याच्या तोंडून निघून गेलं, "अरे बापा, आत्या आहे ना आतमंधी?"

देवराव पुढच्या दांडीले होता. त्यानं मान वर केली नाई.

मी म्हटलं, "आहे रे बापा, आहे. एवढीच ठेवली तिले."